शेवटच्या पानावरचे न्यायाधीश

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत भारतीय वंशाची व्यक्ती ‘न्यायाधीशपदी निवडून आली’ अशी बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी येते. मूळ गाव कोणते, शिक्षण कुठे झाले, आईवडील काय करत, हे सगळे तीत असते. ‘निवडून आली’ म्हणजे नेमके काय झाले, एवढेच नसते. ज्या राज्यात दिवाणी न्यायाधीश व्हायला एमपीएससीची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत या तीन पायऱ्या चढाव्या लागतात, तिथल्या वाचकाला हा शब्द खरे तर खटकायला हवा. म्हणून टेक्सासपुरता हा खुलासा.

आधी पदनामाचा घोळ. टेक्सासमधले ‘काउंटी जज’ हे पद नावाने न्यायाधीशाचे असले तरी मोठ्या काउंट्यांत ते काम न्यायदानाचे नसते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिचे अंदाजपत्रक, रस्ते, पूर आला की आपत्कालीन व्यवस्था हे पाहणाऱ्या पाच जणांच्या मंडळाला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात (तेही कोर्ट नव्हे) आणि त्याचा अध्यक्ष म्हणजे काउंटी जज. राज्यघटनेची अट एवढीच, की त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती असावी. वकिलीची सनद लागत नाही. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत आहे, तिथे २०१८ मध्ये लीना हिडाल्गो वयाच्या २७ व्या वर्षी या पदावर निवडून आल्या. त्या वकील नव्हत्या. त्याच निवडणुकीत शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीत मूळचे केरळचे के. पी. जॉर्ज काउंटी जज झाले, आणि इकडे त्यांचे सरळ ‘न्यायाधीश’ असे भाषांतर झाले. खरे न्यायाधीशपद त्या वर्षी फोर्ट बेंडमध्ये मिळाले ते ज्युली मॅथ्यू यांना, काउंटी कोर्ट ॲट लॉ क्रमांक ३ चे. पुढे २०२२ मध्ये कासारगोडचे सुरेंद्रन पट्टेल २४० व्या जिल्हा न्यायालयावर निवडून आले. या दोन पदांसमोर वादी-प्रतिवादी उभे राहतात. काउंटी जजसमोर अंदाजपत्रक असते. बातमी लिहिताना ‘काउंटी जज’ हे शब्द तसेच ठेवावेत, भाषांतर करू नये, ही पहिली विनंती.

खटले चालवणारी न्यायालये तीन थरांत आहेत. सर्वांत खाली ‘जस्टिस ऑफ द पीस’. तिथे २० हजार डॉलरपर्यंतचे दावे आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे खटले चालतात. या न्यायाधीशालाही कायद्याची पदवी लागत नाही. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ८० तासांचे प्रशिक्षण घेतले की झाले. अपार्टमेंटच्या डिपॉझिटवरून किंवा भाड्याने दिलेल्या घरावरून सामान्य माणसाचा कोर्टाशी पहिला संबंध येतो तो बहुधा इथेच. त्याच्या वर काउंटी कोर्ट ॲट लॉ, मुख्यतः किरकोळ गुन्हे आणि मध्यम रकमेचे दावे. त्याच्या वर जिल्हा न्यायालय: घटस्फोट, मुलांचा ताबा, मोठे दिवाणी दावे, खुनापर्यंतचे फौजदारी खटले. तिन्ही थरांवर मुदत चार वर्षे, आणि तिन्ही थरांवर उमेदवार पक्षाच्या तिकिटावर लढतो. जिल्हा न्यायाधीशासाठी पूर्वी चार वर्षांचा अनुभव पुरत असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून तो आठ वर्षांवर नेला, आणि २०२५ पासून सुरू होणाऱ्या मुदतींना तो लागू झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तराच्या प्रवेशासाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा आणली, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

टेक्सास एकटे नाही. अलाबामा, लुईझियाना, टेनेसी, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना, न्यूयॉर्क इथेही खालच्या कोर्टाचे न्यायाधीश पक्षाच्या वाटेने येतात, तपशील वेगवेगळे. (फेडरल म्हणजे केंद्राच्या न्यायालयांचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट मंजुरी देते आणि ते तहहयात असतात. त्यांचा इथे संबंध नाही.) ही पद्धत कुणाच्या मूर्खपणातून आलेली नाही. मिसिसिपीने १८३२ मध्ये सगळे न्यायाधीश लोकांकडून निवडायला सुरुवात केली, न्यूयॉर्कने १८४६ मध्ये तेच केले, टेक्सासची आजची घटना १८७६ ची. सुधारकांचे म्हणणे असे, की न्यायाधीश गव्हर्नर आणि आमदारांच्या मर्जीतले असतात. लोकांनी निवडले तर ते त्या दावणीतून सुटतील.

आता उमेदवाराच्या बाजूने पाहू. निवडणूक सम वर्षात, नोव्हेंबरमध्ये. पण पक्षाचे तिकीट कुणी नेता देत नाही, ते मार्चच्या पहिल्या मंगळवारी होणाऱ्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, मिळवावे लागते, आणि त्यासाठी अर्ज आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत पडावा लागतो. हॅरिससारख्या मोठ्या काउंटीत जिल्हा न्यायाधीशपदासाठी २,५०० डॉलर शुल्क आणि शिवाय २५० मतदारांच्या सह्या. पैसे भरले म्हणून सह्या सुटत नाहीत. घोडे अडते ते या सह्यांपाशीच. प्रत्येक सहीपुढे पत्ता, काउंटी, सही केल्याची तारीख, आणि जन्मतारीख किंवा मतदार नोंदणी क्रमांक हवा. एका मतदाराने एकाच पदाच्या दोन उमेदवारांना सही दिली तर ती अडचणीत येते. सह्या गोळा करणाऱ्याचे शपथपत्र प्रत्येक भागाला हवे. आणि सर्वांत बावळट पण नेहमीची चूक म्हणजे पानाच्या डोक्यावर न्यायालयाचा क्रमांक राहून जाणे किंवा चुकणे. ज्याच्या हाताखाली उद्या दुसऱ्यांचे दस्तऐवज तपासले जाणार, तो स्वतःच्या अर्जावर तांत्रिक कारणाने अडकतो. मग प्रतिस्पर्धी हरकत घेतो, आणि ज्याने तीनशे-साडेतीनशे सह्या आणल्या तो वाचतो. म्हणून जाणती माणसे २५० वर कधीच थांबत नाहीत.

वेळेचा हिशेब याहून बोलका आहे. न्यायाधीशाची मुदत समजा १ जानेवारी २०२३ ला सुरू झाली. पुढचा अर्ज डिसेंबर २०२५ मध्ये. देणग्या घेण्याची मुभा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या २१० दिवस आधी सुरू होते, म्हणजे मे २०२५ मध्ये. चार वर्षांच्या मुदतीतले २८ महिने होतात न होतात तोच फंडरेझरची निमंत्रणे छापायला जातात. पुढे मार्चमध्ये प्रायमरी, कुणालाच निम्म्याहून जास्त मते न मिळाल्यास मे महिन्यात फेरलढत, नोव्हेंबरमध्ये सार्वत्रिक निवडणूक. या सगळ्या काळात रोजचा बोर्ड चालूच असतो.

मतदाराच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी विचित्र. हॅरिस काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर होती. तिथल्या मोठ्या निवडणुकीत एका मतपत्रिकेवर शंभरीच्या घरात लढती असू शकतात. सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष किंवा गव्हर्नर, मग सेनेटर, काँग्रेस, राज्याची पदे. आणि बोट दुखायला लागले की न्यायालये सुरू होतात. ‘डिस्ट्रिक्ट जज, १८९ वे न्यायालय’, खाली दोन नावे, दोन पक्ष. मग पुढचे न्यायालय, पुन्हा दोन नावे. कुणाचा अनुभव किती, फौजदारी केले की दिवाणी, हे काहीच नाही. सध्या त्या खुर्चीवर कोण बसले आहे, तेसुद्धा लिहिलेले नसते. हातात उरते ती एकच खूण: नावापुढचा पक्ष.

आपल्याकडे सहकारी बँकेच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत ‘पॅनेल टू पॅनेल’ मतदान होते, त्याचा हा अमेरिकन भाऊ. टेक्सासमध्ये तर २०१८ पर्यंत मतपत्रिकेच्या डोक्यावर एकच खूण केली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जाई. २०१७ च्या कायद्याने ही सोय रद्द झाली आणि नोव्हेंबर २०२० ची निवडणूक तिच्याशिवाय झाली. आता प्रत्येक लढतीत वेगळी खूण करावी लागते. त्यामुळे काही मतदार खालच्या लढती कोऱ्या सोडतात. बाकीचे पूर्वीसारखीच एकाच पक्षाला खूण करतात, फक्त पन्नास वेळा.

परिणाम सांगतो. २००६ मध्ये डॅलस काउंटीत न्यायालयांच्या ४२ लढती झाल्या आणि सगळ्याच्या सगळ्या ४२ डेमोक्रॅट्सनी जिंकल्या. २०१८ मध्ये हॅरिस काउंटीत ५९ पैकी ५९. त्या वर्षी वरच्या ओळीत सेनेटसाठी बेटो ओ’रूर्क आणि टेड क्रूझ यांची लढत होती. ओ’रूर्क राज्यात हरले, पण हॅरिसमध्ये मोठ्या फरकाने पुढे राहिले, आणि त्यांच्या लाटेत खालचा प्रत्येक रिपब्लिकन न्यायाधीश वाहून गेला. त्यांत वकिलांच्या पाहणीत वाखाणले गेलेले होते आणि ज्यांच्या कोर्टात जाणे नको वाटे असेही होते. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात, ते हेच. टेक्सासचे तेव्हाचे सरन्यायाधीश नेथन हेख्त हे स्वतः रिपब्लिकन. २०१९ मध्ये विधिमंडळापुढे बोलताना त्यांनी हिशेब मांडला, की एका झटक्यात जिल्हा आणि अपील न्यायालयांनी मिळून सातशे वर्षांचा अनुभव गमावला. त्यांच्या आधीचे सरन्यायाधीश टॉम फिलिप्स आणि वॉलेस जेफरसन हेही याच पद्धतीतून निवडून आलेले, आणि याच पद्धतीविरुद्ध बोलत आलेले. २०१९ मध्ये नेमलेल्या राज्य आयोगाने वर्षभराने अहवाल दिला, त्यात पक्षीय निवडणूक बंद करावी असे म्हणणारे आठ आणि ठेवावी असे म्हणणारे सात होते. कायदा जिथल्या तिथे राहिला.

बाहेरच्या माणसाला वाटते, पक्षाचा न्यायाधीश म्हणजे पक्षाचा निकाल. रोजच्या कामात तसे फारसे घडत नाही. गाडीने मागून धडक दिली, ठेकेदाराने छप्पर अर्धवट टाकून पैसे उचलले, आईबाप वेगळे झाले आणि मुलगी शाळेच्या दिवसांत कुणाकडे राहणार हे ठरवायचे आहे: यात रिपब्लिकन बाजू कोणती आणि डेमोक्रॅट कोणती? दुखणे वेगळेच आहे. न्यायाधीशाने काम कसे केले आणि तो जिंकला की हरला, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच उरत नाही. आळशी माणसाला लाट तारते, कष्टाळू माणसाला बुडवते, आणि दोघांनाही ते आधीच माहीत असते.

कोर्टरूममध्ये हे कसे दिसते? १ जानेवारीला नवा न्यायाधीश येतो. आधीच्याने लावलेल्या ज्युरी खटल्यांच्या तारखा पुन्हा ठरतात. प्रत्येक कोर्टाचे स्वतःचे स्थायी आदेश असतात: पुरावे किती दिवस आधी एकमेकांना द्यायचे, मध्यस्थी आधी हवी की नको, तातडीचा अर्ज कुठल्या वारी ऐकणार. ते सगळे बदलतात. सर्वांत वाईट अवस्था ज्युरीविना चालणाऱ्या खटल्यांची. ताब्याच्या खटल्यात जुन्या न्यायाधीशाने डिसेंबरमध्ये दोन्ही बाजूंच्या साक्षी ऐकल्या पण निकाल राहिला, तर नवा न्यायाधीश न ऐकलेल्या साक्षींवर निष्कर्ष कसा काढणार? साक्षी पुन्हा घेण्याची वेळ येऊ शकते. त्याची फी न्यायाधीश भरत नाही, राज्यही भरत नाही, पक्ष तर नाहीच.

तरीही निवडणुकीने कधी काही साधत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. हॅरिस काउंटीत किरकोळ गुन्ह्यांत पकडलेल्या माणसांना, केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून, खटल्याआधी तुरुंगात ठेवले जाई. त्याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा झाला. एप्रिल २०१७ मध्ये न्यायाधीश ली रोझेन्थॉल यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तरी त्या कोर्टांवरचे बहुतेक न्यायाधीश अपिलात लढत राहिले. नोव्हेंबर २०१८ च्या लाटेत ते गेले. नव्यांनी २०१९ च्या सुरुवातीलाच जामिनाचे नियम बदलले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोडीच्या हुकूमनाम्याने दावा मिटला. त्याच २०१८ मध्ये १७ कृष्णवर्णीय स्त्रिया त्या काउंटीत न्यायाधीश झाल्या; नेमणुकीच्या पद्धतीत हे एका दिवसात झाले नसते. निवडणुकीची बाजू घेणाऱ्यांकडे ही दोन उदाहरणे आहेत आणि ती हलकी नाहीत. मात्र त्या दिवशी जामिनाच्या प्रश्नाशी संबंध नसलेले दिवाणी आणि कौटुंबिक कोर्टांचे न्यायाधीशही त्याच झाडूने गेले, हेही तितकेच खरे.

पैशाबद्दल आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, म्हणून थोडक्यात. १९९५ च्या कायद्याने देणगीवर मर्यादा आहे. दहा लाखांहून मोठ्या न्यायक्षेत्रात एका व्यक्तीकडून ५,००० डॉलर, अडीच लाख ते दहा लाखांत २,५००, त्याहून लहान ठिकाणी १,०००. एका लॉ फर्मच्या माणसांनी मिळून मर्यादेच्या सहापट दिले, की पुढच्या प्रत्येकाला ५० डॉलरवर थांबावे लागते. रकमा छोट्या दिसतात. देणारे कोण ते पाहावे. १८९ व्या न्यायालयात कोण बसते यात शेजारच्या दुकानदाराला रस नसतो, त्या कोर्टात उद्या उभ्या राहणाऱ्या वकिलाला असतो. फ्लोरिडात न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने स्वतः पैसे मागायला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती वैध ठरवली. टेक्सासच्या आचारसंहितेत तशी बंदी नाही. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील नेमताना टेक्सासमध्ये अनेकदा न्यायाधीशाचाच हात असतो. नेमणूक मिळणारा आणि देणगी देणारा एकच निघाला तर त्यात बेकायदा काही नसेल, पण समोरच्या पक्षकाराच्या पोटात गोळा येतोच. केवळ देणगी घेतली म्हणून न्यायाधीशाला खटल्यातून बाजूला व्हावे लागत नाही. त्यासाठी वेस्ट व्हर्जिनियासारखे टोक गाठावे लागते: तिथे एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने २००४ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयातल्या एका जागेसाठी ३० लाख डॉलर ओतले, आणि निवडून आलेल्या न्यायमूर्तींनी त्याच कंपनीच्या खटल्यात भाग घेतला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते चूक ठरवले. म्हणजे चौघांना तेही चालले असते.

मग पक्षाचे नाव काढून टाका, असा सोपा उपाय सुचतो. पक्षाचे नाव कामाला येत नाही तिथे काय होते, हे प्रायमरीत दिसतेच, कारण तिथे सगळे एकाच पक्षाचे असतात. फिलाडेल्फियात मतपत्रिकेवरची जागा चिठ्ठ्या काढाव्यात तशी ठरते. हॉर्न अँड हार्डार्ट कॉफीच्या जुन्या डब्यातून क्रमांकाची सोंगटी उचलण्याची तिथली प्रथा प्रसिद्ध आहे. पहिल्या रकान्यात वरची जागा मिळाली की वर्षानुवर्षांची वकिली नसली तरी चालते, हे तिथला प्रत्येक वॉर्ड लीडर जाणतो. शिकागोच्या कुक काउंटीत आयरिश वाटणाऱ्या नावाचा, त्यातून स्त्रीच्या नावाचा, फायदा इतका धरून चालतात, की उमेदवारांनी कायदेशीर नाव बदलून आयरिश नावे घेतली. शेवटी इलिनॉयला कायदा करावा लागला, की तीन वर्षांच्या आत नाव बदलले असेल तर मतपत्रिकेवर जुने नावही छापायचे. आडनाव कुलकर्णी किंवा शिंदे असणाऱ्याने तिथे काय करावे, हे कायद्यात नाही.

नॉर्थ कॅरोलायनाने दोन्ही करून पाहिले. सुपीरियर कोर्टातून पक्षाचे नाव १९९० च्या दशकात गेले, डिस्ट्रिक्ट कोर्टातून पुढच्या दशकाच्या सुरुवातीला. २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार झुगारून दोन्हीकडे ते परत आणले. कारण तत्त्वाचे सांगितले गेले, वेळ मात्र निवडणुकीचे गणित पाहून निवडली होती.

नेमणूक हा दुसरा उपाय, पण नेमणारा कोण आणि किती काळासाठी यावर सगळे अवलंबून. टेक्सासने सप्टेंबर २०२४ मध्ये मोठ्या व्यापारी दाव्यांसाठी नवे ‘बिझनेस कोर्ट’ उघडले, आणि तिथले न्यायाधीश निवडायचे नाहीत, गव्हर्नरने नेमायचे असे ठरवले. मुदत दोन वर्षे. निवडून आलेले न्यायाधीश गाडीच्या धडकेला चालतात, कोट्यवधींच्या कराराला चालत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ. आणि दर दोन वर्षांनी एकाच माणसाच्या दारात उभे राहणे हे स्वातंत्र्य कसले? तिसरा मार्ग ‘ठेवायचे की नाही’ या मताचा. इलिनॉयमध्ये न्यायाधीश एकदा पक्षावर निवडून आला, की पुढे सहा-सहा वर्षांनी फक्त हो किंवा नाही विचारतात, आणि ६० टक्के ‘हो’ लागतात. कुक काउंटीत १९९० नंतर थेट २०१८ मध्ये एक न्यायाधीश यात हरला. मधल्या २८ वर्षांत सगळे उत्तम होते असे शिकागोचा कुठलाही वकील म्हणणार नाही.

माझे मत विचाराल तर पक्षाच्या नावाइतकेच नुकसान चार वर्षांची मुदत करते. मुदत आठ वर्षे करावी, बसलेल्या न्यायाधीशाला प्रतिस्पर्धी न देता हो-नाही मताला सामोरे जाऊ द्यावे, आणि त्याच्या कामाचे आकडे मतपत्रिकेसोबत छापील पाठवावेत. पहिल्या दोन गोष्टींना घटनादुरुस्ती लागेल. तिसरीला इच्छा पुरते.

कारण आकडे आहेत, कुणी पाहत नाही. राज्याचे न्यायालयीन प्रशासन कार्यालय प्रत्येक कोर्टाची निकाली-दाखल टक्केवारी प्रसिद्ध करते. वर्षात १,००० प्रकरणे दाखल झाली आणि ९०० निकाली निघाली, तर ९० टक्के. शंभराच्या खाली राहिले तर साचलेला ढीग वाढतो आहे. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नये. एखादा मोठा खटला तीन आठवडे चालला तर आकडा खाली येतो, आणि जुनी मेलेली प्रकरणे काढून टाकली तर फुगतो. सलग तीन वर्षे, त्याच प्रकारच्या शेजारच्या कोर्टांशी तुलना करून पाहावे. टेक्सास बारच्या (वकिलांच्या राज्य संघटनेच्या) संकेतस्थळावर प्रत्येक वकिलाची सनदेची तारीख आणि जाहीर शिस्तभंगाची कारवाई दिसते. नव्या उमेदवारासाठी हे दोन मिनिटांचे काम आहे. बसलेल्या न्यायाधीशावरच्या जाहीर कारवाया न्यायिक वर्तणूक आयोग प्रसिद्ध करतो. ह्यूस्टन बार असोसिएशनची वकिलांची पाहणी उपयोगी आहे, पण ती ‘कोण आवडते’ याची पाहणी असते तेव्हा तिच्यातही पक्ष डोकावतो. न्यायाधीशाची वागणूक, वेळ पाळणे, तयारी यांवर वेगवेगळे गुण देणारी पाहणी अधिक भरवशाची.

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी नागरिकांसाठी शेवटचे काही. आधी नागरिकत्व: ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, आणि वाहन परवान्याच्या फॉर्मवर चुकून ‘मतदार नोंदणी’ला हो म्हटले तर पुढे इमिग्रेशनमध्ये महागात पडते. मत द्यायचे तर नोंदणी निवडणुकीच्या ३० दिवस आधी झालेली हवी. टेक्सासमध्ये मतदार पक्षाकडे नोंदवलेला नसतो. मार्चमध्ये कुठल्याही एका पक्षाची प्रायमरी निवडता येते, मात्र मे महिन्यातल्या फेरलढतीला त्याच पक्षात राहावे लागते. जिथे नोव्हेंबर एकतर्फी जातो, तिथे खरा न्यायाधीश मार्चमध्येच ठरतो, आणि तेव्हा मतदार थोडे असल्याने एका मताचे वजन वाढते. नोव्हेंबरमध्येही लढत चुरशीची होऊ शकते: २०२२ मध्ये हॅरिसमध्ये १८० व्या न्यायालयाची लढत ४४९ मतांवर सुटली, आणि नंतर बाहेरून आलेल्या न्यायाधीशांनी ती निवडणूक पुन्हा घेण्याचा आदेश दिला.

काउंटीच्या संकेतस्थळावर आपल्या पत्त्याची नमुना मतपत्रिका मिळते. ती छापून घरीच खुणा कराव्यात. मतदानाच्या जागेपासून १०० फुटांच्या आत फोन वापरायला बंदी आहे. छापील किंवा हाताने लिहिलेला कागद नेता येतो, फक्त तो तिथे सोडून येऊ नये. ज्या लढतीबद्दल काहीच समजले नाही ती कोरी सोडली तरी बाकीची मते मोजली जातात, मतपत्रिका बाद होत नाही.

आपला,
एक वाचक,
शुगर लँड, टेक्सास